चारांतला एक गप्प

गेल्या भाद्रपदात एका सकाळी पुणतांब्याहून थोरल्या भावाचा फोन आला. आमचे दादा फोनवर कामापुरतेच बोलतात. तार करायचे दिवस गेले तरी त्यांचा शब्द मोजण्याचा हिशेब सुटलेला नाही. म्हणाले, "गाडी मिसिंग मारतेय. तीन ठिकाणी दाखवली. पोरं म्हणतात, भंगारात काढा. तुझं काय म्हणणं?"

मी पुण्यात चहा घेत बसलो होतो. समोर वर्तमानपत्र होते. त्यातून डोके न काढता मी म्हणालो, "दादा, गाडी चाळिशीला आली. किती जीव लावणार? देऊन टाका."

पलीकडे क्षणभर शांतता. मग "बरं" एवढाच शब्द आला आणि फोन बंद झाला.

तो "बरं" मला दिवसभर टोचत राहिला. त्याचे कारण असे, की ती गाडी मूळची माझी. प्रीमियर पद्मिनी, १९८६ चे मॉडेल. १९९१ साली बँकेचे वाहनकर्ज काढून मी ती जुन्या बाजारातून घेतली. नऊ वर्षांनी परराज्यात बदली झाली, तेव्हा ती दादांच्या अंगणात लावून मी निघून गेलो. तेव्हापासून दादाच तिचे धनी. आज ते शहात्तर वर्षांचे आहेत. लांबच्या प्रवासाला ते गाडी काढत नाहीत. पण दर पंधरा दिवसांनी वहिनींना श्रीरामपूरला डॉक्टरांकडे न्यायचे असते आणि ते काम त्यांनी आजवर कोणाला करू दिलेले नाही. गाडी गेली म्हणजे दर पंधरवड्याला "आज कोणाची गाडी रिकामी आहे?" असे विचारत फिरणे आले. माझ्या भावाला ते जमणारे नाही. त्यांनी मला विचारले होते ते गाडीबद्दल नव्हतेच. ते मला फोन ठेवल्यावर समजले.

दोन दिवसांनी मी दौंड-मनमाड मार्गावरच्या गाडीने पुणतांब्याला उतरलो. शिर्डीला जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो, त्यामुळे अनेकांना हे नाव केवळ जंक्शन म्हणून ठाऊक असते. गोदाकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी जुन्या माणसांच्या ओळखीचे, आणि नव्या माणसांना ते माहीत झाले १ जून २०१७ पासून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. त्या संपाची ठिणगी येथेच पडली. स्टेशनवर घ्यायला आलेला पुतण्या हसत म्हणाला, "काका, गाव संपाचं आहे. गाडीनेही संप केला तर नवल काय?"

पण संपाचे आणि मिसिंगचे दुखणे वेगळे. संपावर गेलेली गाडी जागची हलत नाही. मिसिंग मारणारी गाडी चालते, पण धक्के देत चालते. ज्यांनी कधी बॉनेट उघडून पाहिलेले नाही, अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. साध्या मोटारीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते, दाबले जाते, आणि नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडून ते पेटते. तो भडका दट्ट्याला खाली ढकलतो. पद्मिनीत हे भडके पहिला, तिसरा, चौथा, दुसरा या क्रमाने होतात. पालखीचे चार भोई डोळ्यांपुढे आणा. चौघांची पावले जुळली, की आतल्या माणसाला डुलकी लागते. त्यातला एक जण मधूनच खांदा काढून घेऊ लागला, की पालखी हिसके खाते आणि उरलेले तिघे दमतात. चारांतला एक गप्प बसणे, म्हणजे मिसिंग. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. त्यांतल्या काही चुकल्या तरी स्टिअरिंगवरच्या हाताला ते लगेच कळते.

दादांनी सांगितलेली लक्षणे अशी. सकाळी दव असताना त्रास जास्त, ऊन चढल्यावर कमी. सपाट रस्त्यावर बरी चालते, पण पुलाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, की झटके आणि सायलेन्सरमधून फट्‌फट्. पहिल्या गॅरेजवाल्याने चारही प्लग नवे बसवले. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलून साफ केला आणि दोष पेट्रोलला दिला. तिसऱ्याने पुस्तकातली नोंदणीची तारीख पाहिली आणि सांगितले, "इंजिनचं काम काढावं लागेल." त्याने सांगितलेला आकडा असा होता, की त्यापुढे भंगारवाला दयाळू वाटावा.

तिघांपैकी एकानेही लबाडी केली होती असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपल्याला जे करता येत होते ते केले. दोष कोठे आहे, हे मात्र कोणी शोधले नव्हते.

पेट्रोलवाल्याचे म्हणणे तर निम्मे खरेही होते. आमचा सगळा परिसर उसाचा. त्याच उसाच्या रसापासून आणि मळीपासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. शेताच्या बांधावरून निघालेला ऊस कारखान्यातून फिरून दादांच्याच टाकीत येतो म्हणायला हरकत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवते. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. त्यात उष्णता पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी. नव्या गाडीतला संगणक ते ओळखून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. पद्मिनीच्या कार्बोरेटरला एवढी अक्कल नाही. पण इथेनॉलने गाडी बिघडायची तर चारही सिलिंडर नाराज व्हायला हवेत. हा साधा विचार मला सुचला नाही. तो सुचवणारा माणूस संध्याकाळी आला.

तो माणूस म्हणजे दादांच्या ओळखीचे एक मिस्त्री. सत्तरीचे, कानात भिकबाळीऐवजी पेन्सिल खोचलेले. त्यांनी उमेदीची वर्षे उसाच्या ट्रकांवर आणि शिर्डीच्या टॅक्सींवर काढली. आता गुडघे धरतात म्हणून काम बंद केले आहे. पुतण्या त्यांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही.

"चालू करा," एवढेच म्हणाले आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, एक नोट द्या." मी दहाची नोट दिली. ती त्यांनी दोन बोटांत धरून सायलेन्सरच्या तोंडाशी नेली. नोट एका लयीत फडफडत होती, मधूनच चुकत होती. "बघा, ढकलतंय. मधी सोडतंय. पर आत ओढून घेत न्हाई. आत ओढली असती तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता." नोट परत देताना म्हणाले, "बँकेत व्हते ना तुम्ही? खरी हाय का बघून घ्या."

त्यानंतरचा दीड तास मी अंगणात स्टुलावर बसून जे पाहिले, ते कोणत्याही शिकाऊ अधिकाऱ्याला दाखवावे असे होते. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून, पकडीला कोरडे फडके गुंडाळून, एकेका प्लगची वायर काढायला सुरुवात केली. पहिली काढली, इंजिन लडबडले. परत लावली, सावरले. दुसरी, तेच. चौथी, तेच. तिसरी काढली, आणि आवाजात तिळमात्र फरक पडला नाही.

"ज्याच्या जाण्यानं घराला फरक पडत न्हाई, तो आधीच कामाला जात नव्हता," मिस्त्री म्हणाले.

एक सिलिंडर नक्की झाला. आता त्याचे कारण. येथे त्यांनी बोटांवर मोजून जो हिशेब मांडला, तो मी माझ्या शब्दांत देतो. कार्बोरेटर चौघांना एकच. कॉईल एकच. सी. बी. पॉइंट आणि कंडेन्सर एकच. यांत दोष असता तर चौघेही अडखळले असते. तेव्हा सामाईक ते सगळे तूर्त निर्दोष. जे एकट्या तिसऱ्याचे आहे, तेवढेच तपासायचे. तिसऱ्याचे स्वतःचे काय? त्याचा प्लग, त्याची वायर, डिलकोच्या टोपीतले त्याचे घर, आणि त्या सिलिंडरचा दाब. एवढ्या चारच जागा. तीन गॅरेज फिरून जे सापडले नव्हते, ते आता चार जागांत अडकले होते.

इंजिन बंद करून त्यांनी तिसरा प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होते, जळत नव्हते. बाकीच्यांचे टोक बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे निरोगी. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जादा, तेलकट असते तर रिंगा झिजल्या, पांढरे पडले असते तर इंजिन फार तापते, असे ते रंगांचे शास्त्र. मग त्यांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला लावला. इंजिन सुरू केले, वायरी काढून पाहिल्या. गप्प तिसराच. म्हणजे प्लग सुटला. मग प्लग काढून, कॉईलची वायर अलग करून, प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि पुतण्याला स्टार्टर मारायला सांगितले. 'फप्' करून अंगठा उडाला. चारही सिलिंडरांना एकसारखा उडाला. म्हणजे इंजिनचा दाब शाबूत. चाळिशीच्या जवळ आलेल्या गाडीचे इंजिन संपलेले नव्हते. दादा बाजूला हाताची घडी घालून उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त घडी सुटली.

मग दोन वायरींची अदलाबदल. तरीही तिसराच. उरली फक्त टोपी.

डिलको म्हणजे ठिणगीचा वाटपकार. कॉईल बॅटरीचे बारा व्होल्ट कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढवते आणि डिलकोतला फिरता रोटर तो करंट पाळीपाळीने चौघांना पोचवतो. त्यावरची बॅकेलाइटची टोपी मिस्त्रींनी काढली, पुसली, चष्मा वर-खाली करून पाहिली. काही दिसेना. मी म्हणालो, "मग नवी टोपी घालून बघू या की." ते म्हणाले, "घालू. पर आधी हिचा गुन्हा दिसू द्या. न दिसता बदलली आन्‌ गाडी सुधारली, तर कशानं सुधारली त्ये कळायचं न्हाई. अंधार पडू द्या."

अंधार पडेपर्यंत वहिनींनी पिठले-भाकरी वाढली. जेवता जेवता गाडीच्या जन्मकथेकडे विषय गेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची अकराशे तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने धावली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तेथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला मात्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून मिळते. दादांनी ती कधी चुकवलेली नाही. मिस्त्रींना या इतिहासात रस नव्हता. त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

आठ वाजता अंगणातला दिवा मालवला. दादा स्टिअरिंगवर बसले. मिस्त्रींनी टोपीवर ओल्या फडक्याने पाण्याचे दोन-चार शिंतोडे मारले. सकाळचे दव त्यांनी संध्याकाळी आणले. "दादा, पाय द्या." इंजिन चढले आणि अंधारात आम्हा सगळ्यांना ते एकदम दिसले. तिसऱ्या वायरीच्या बुडाशी, केसाएवढी निळी रेघ टोपीवरून सळसळत खाली पत्र्याकडे जात होती. जी ठिणगी सिलिंडरात पडायची, ती बाहेरच सांडत होती. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "अगं बाई, वीजच की."

टोपीला बारीक तडा गेला होता. दिवसा तो दिसत नव्हता. आता बॅटरीच्या झोतात आतल्या बाजूने काजळाची बारीक रेघ दिसली. आणि सगळी लक्षणे एका माळेत बसली. दवाने तडा ओला होतो, म्हणून सकाळी त्रास. चढाला पाय दाबला, की सिलिंडरात दाब वाढतो आणि दाबाच्या हवेतून ठिणगी पाडायला व्होल्ट जास्त लागतात. करंट सोपी वाट शोधतो. सपाटीला प्लगची वाट सोपी, चढाला तड्याची.

नवी टोपी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मागवायची ठरली. धाकटा पुतण्या मुंबईत असतो. तोवर मिस्त्रींनी ब्लेडच्या टोकाने ती काळी रेघ खरवडली आणि नातीला हाक मारली. "बाळा, तुझं नखं रंगवायचं आण." ते तिच्याकडे लाल रंगाचे निघाले. तड्यावर दोन हात दिले, वाळू दिले, टोपी बसवली. गाडी सुरू झाली. पुन्हा पाणी शिंपडले. निळी रेघ आली नाही. इंजिनचा आवाज असा आला, जसा मी १९९१ साली ऐकला होता. मिस्त्रींनी बजावले, "हे आठ-पंधरा दिवसांचं औषध हाय. टोपी आली की लगेच बदला. आन्‌ रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला, तुमच्या उसाच्या पेट्रोलनं त्या खाल्ल्यात." त्यांनी तीनशे रुपये घेतले. दादांनी पाचशे पुढे केले, तेव्हा दोनशे परत दिले.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, की आता असे मिस्त्री राहिले नाहीत आणि नव्या गाड्यांना त्यांची गरजही नाही. दुसरी गोष्ट पूर्ण खरी नाही. पुतण्याच्या नव्या गाडीत डिलको नाही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉईल आहे. दट्टे फिरवणाऱ्या दांड्याची गती क्षणभर मंदावली तरी संगणक ते टिपतो आणि समोर इंजिनचा दिवा लावतो. स्कॅनर जोडला, की 'पी ०३०३' असा क्रमांक येतो. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरात मिसफायर. जे मिस्त्रींनी पकडीने शोधले, ते यंत्र निमिषात सांगते. हा दिवा उघडझाप करू लागला तर मात्र गाडी रेटू नये. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जळतो. पण हा क्रमांक सांगतो तो "कोण", "का" नव्हे. का हे शोधायला तिसऱ्याची कॉईल दुसऱ्याला लावून बघावीच लागते. दोष कॉईलबरोबर सरकला तर कॉईल बदलायची, नाही सरकला तर पुढे शोधायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम संगणकाने रद्द केलेला नाही.

त्या रात्री अंगणात बाजेवर मला झोप लागली नाही. जिल्ह्यातल्याच एका शाखेत असताना हाताखालून गेलेले एक खाते आठवत राहिले. १९९३-९४ ची गोष्ट असेल. शेतीपंप दुरुस्त करणारा एक तरुण, लेथसाठी आमच्याकडून कर्ज घेतलेला. ओळीने हप्ते थकले. तपासणीला गेलो तेव्हा दुकान अर्धे बंद, आणि तो जागेवर नव्हता. थकबाकीचे नियम तेव्हा नुकतेच कडक झाले होते. मी अहवालात लिहिले, "कर्जदाराला व्यवसायात रस उरलेला नाही." पुढे वसुली निघाली आणि त्याने लेथ विकला.

काही वर्षांनी त्याच गावातल्या एका शेतकऱ्याने मला बोलता बोलता सांगितले, की त्या वर्षी उसाची बिले उशिरा आली होती. सगळ्यांनी पंप उधारीवर दुरुस्त करून घेतले होते. तो तरुण जागेवर नव्हता, कारण वसुलीसाठी वाड्या-वस्त्यांवर हिंडत होता. त्याचे पैसे यायचे हंगामाला आणि आम्ही हप्ते बांधले होते महिन्याला. त्याचा धंदा शाबूत होता. आमच्या हप्त्याचे टायमिंग चुकले होते. मी दुकानापुढे उभा राहिलो, सायलेन्सरमधला धूर पाहिला आणि इंजिन गेले असे लिहून सही केली. त्याच्या उधारीची वही मागितली असती तर दहा मिनिटांत कळले असते. ती मी मागितली नाही.

आणि तीस वर्षांनी पुण्यात चहा पिता पिता मी तेच केले होते. या वेळी फक्त सही फोनवर केली होती.

सकाळी दादांना हे सांगायचे मनात होते. पण ते पहाटेच उठून गाडी पुसत होते. दव पडले होते. वहिनी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "भावजी, श्रीरामपूरला येता का? तिथून बेलापूर स्टेशनवर तुम्हाला गाडीत बसवून देऊ." मी मागे बसलो. पुलाचा चढ आला. दादांनी तिसरा गिअर टाकला, पाय दाबला आणि कान देऊन राहिले. आम्ही तिघेही कान देऊन राहिलो. पूल संपला.

"काय रे," दादा आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "देऊन टाकू?"